दीड वाजताची तबकडी

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथे आहे. कामगार गेटातून आत आला की कार्ड मशीनमध्ये घालायचा, ठक् असा आवाज व्हायचा आणि कार्डावर वेळ उमटायची. मग तो कितीही सांगो, की साहेब, मी आठलाच गेटवर होतो, लाइन मोठी होती, मुलाला ताप होता. मी शांतपणे कार्ड पुढे करायचो. छापलंय ते घडलं, आणि छापलेलं नाही ते घडलंच नाही, या तत्त्वावर माझी उभी नोकरी झाली. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. टाइमकीपरला घड्याळ देण्यात त्यांना काही विनोद करायचा होता का, हे मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही चिखलोलीला फ्लॅट घेतला. इथे स्टेशन होणार आहे. मोबाइलची रेंज मात्र होणार आहे असंही कुणी म्हणत नाही. आमच्या इमारतीत ती फक्त बाथरूमच्या खिडकीत येते आणि तिथे फार वेळ बोलत राहिलं की घरातले लोक दार वाजवतात. म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी सगळ्यांना पटवलं, की घरोघरी वेगळं इंटरनेट घेण्यापेक्षा एकच मोठी लाइन घेऊ आणि प्रत्येक मजल्यावर वायफायची तबकडी लावू. या तबकडीचं खरं नाव ॲक्सेस पॉइंट. पांढरी, गोल, छताला उलटी चिकटवलेली. ती चालू असली की लोक तिला ‘सोसायटीचं वायफाय’ म्हणतात आणि बंद पडली की ‘सेक्रेटरींची तबकडी’.

सगळ्या तबकड्यांना करंट पार्किंगमधल्या एका डब्यातून जातो. डब्यासाठी वेगळा प्लग पॉइंट काढायचा होता, पण बिल्डरने पार्किंग अजून सोसायटीच्या नावावर केलेलं नाही. तिथे खिळा ठोकायचा तरी त्याची लेखी परवानगी लागते, आणि तो कुठे असतो हे त्याच्या ऑफिसलाही माहीत नसतं. शेवटी वायरमनने डब्याची पिन पार्किंगमधल्या गणपतीच्या देवळाच्या बोर्डात खोचून दिली. त्याच बोर्डात आरतीचं मशीनही आहे. बटण दाबलं की नगारा, झांजा, घंटा सगळं आपोआप वाजतं, माणसाने फक्त हात जोडून उभं राहायचं. ते मशीन मीच दिलेलं आहे. त्यावर ‘कै. आण्णांच्या स्मरणार्थ’ असं लाल अक्षरांत लिहिलंय. आण्णा म्हणजे माझे वडील. ते अतिशय शांत गृहस्थ होते आणि गणपतीच्या दिवसांत कानात कापूस घालून बसत, पण स्मरणार्थ पंखा देणारे आधीच दोघं निघाले होते, त्यामुळे मला मशीन द्यावं लागलं.

माझी पत्नी मालिनी उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायची. तिथल्या मराठीच्या तुकड्या एकेक करून बंद होत गेल्या आणि शेवटची बंद झाली तशी तीही घरी आली. घरी आल्यावर ती रोज शाळा सुटायच्या वेळेला उठून खिडकीत उभी राहायची. मला ते बघवत नसे. काय करावं हे सुचत नसल्यामुळे मी पेपर वाचत असे.

अशात तिला लंडनच्या तेजस्वी मॅडमचा पत्ता लागला. या मूळच्या बदलापूरच्या. तिकडच्या मराठी मुलांसाठी शनिवार-रविवारी ऑनलाइन मराठीचा वर्ग चालवतात आणि त्यांना शिक्षिका हवी होती. मालिनीने अर्ज केला. मग तिने माझं निवृत्तीचं घड्याळ हॉलमधून काढलं, आपल्या टेबलावरच्या भिंतीला लावलं आणि त्यात लंडनची वेळ लावली. कंपनीने सन्मानाने दिलेलं घड्याळ माझ्याच घरात साडेपाच तास मागे चालू लागलं. मला ते लागलं, पण बऱ्याच दिवसांनी तिच्या कपाटातून इस्त्रीची साडी बाहेर आली होती, म्हणून गप्प बसलो.

परीक्षेचा पाठ शनिवारी संध्याकाळी सातला होता. तिने विषय निवडला होता ‘ळ’. तिकडच्या मुलांना हे अक्षर काही केल्या येत नाही म्हणे. मालिनी म्हणाली, “बघा बाळांनो, जीभ अशी मागे वळवायची,” आणि जीभ मागे वळवली, आणि नेट गेलं. लंडनमध्ये तेजस्वी मॅडम आणि मुलं तिचा तोंड उघडलेला आणि जीभ दुमडलेला चेहरा बघत बसली. नेट आलं तोवर मॅडम गेल्या होत्या. नंतर त्यांचा मेसेज आला, सभ्य होता. पुढच्या शनिवारी आणखी एक संधी देते, पण नेट भरवशाचं हवं, पालक फार तक्रारी करतात, याच्यापुढे थांबता येणार नाही.

“सातला गेलं,” मालिनी मला म्हणाली. “रोज सातलाच जातं. पार साडेसातपर्यंत जात-येत राहतं.”

“बघतो,” मी म्हणालो.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, “सर, बंद करून चालू करून पाहिलंत का?” मी म्हणालो, तक्रार तीच आहे, ते आपणहून बंद होऊन चालू होतंय. ती म्हणाली, “म्हणजे चालू होतंय ना सर?” आणि तक्रार मिटली असा मेसेज तिचं वाक्य संपायच्या आत आला.

इमारतीत बातमी पसरली तसे सल्लेही आले. कुणी म्हणालं, तबकडीमागे चपातीची फॉइल लावा. कुणी म्हणालं, तिचं तोंड पूर्वेला नाही. तबकडी गोल आहे आणि तिला तोंड नाही, हे मी समजावून सांगितलं, पण ते पटलेलं दिसलं नाही. आमचे चेअरमन प्रमोद यांनी तिच्याखाली लिंबू-मिरची बांधली. त्याने काही फरक पडला नाही, तरी ती काढायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी मी उल्हासनगरला धर्मेशकडे गेलो. तबकड्या त्याच्याच दुकानातून घेतल्या होत्या. दुकान रिक्षाएवढं, आणि त्यात वायरींच्या गुंडाळ्यांमध्ये धर्मेश.

“साईं, पीसमध्ये फॉल्ट नाय,” मी काही बोलायच्या आत तो म्हणाला. “तुम्ही लॉग बघितला?”

“लॉग म्हणजे?”

“अरे, हर चीज लिहून ठेवते ती. कोण आला, कोण गेला, किती वाजता, कशाने बंद पडली. माणूस झूट बोलेल, लॉग नाही बोलणार.”

मला दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. म्हणजे आमच्या छताला इतके दिवस एक टाइम ऑफिस चिकटलेलं होतं आणि मी, ज्याने आयुष्य टाइम ऑफिसात काढलं, त्याच्याकडे वर मान करून कधी बघितलं नव्हतं. धर्मेशने लॉग उघडायचा कसा ते दाखवलं. घरी येऊन मी तो उघडला आणि प्रिंट काढली. ओळीवर ओळी होत्या. अमुक फोन जोडला गेला. अमुक फोन तुटला. आणि रोज एक ओळ, ‘सिस्टिम कोल्ड स्टार्ट’. धर्मेशला फोन केला. तो म्हणाला, कोल्ड स्टार्ट म्हणजे डब्याचा करंट गेला आणि परत आला. वेळ होती तेरा तीस. काल तेरा तीस, परवा तेरा तीस. मग थोड्या थोड्या वेळाने आणखी दोन-चारदा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. इतकं वक्तशीर वागणं मी कामगारांत कधी पाहिलं नव्हतं.

मी प्रिंट घेऊन मालिनीकडे गेलो. “नेट दुपारी दीडला जातं.”

“सातला जातं.”

“सातला लॉगमध्ये काहीही नाही. हे बघ. शनिवारी सातला सगळं सुरळीत होतं.”

“मग मी काय शनिवारी जीभ दुमडून उगीच बसले होते?”

“तसं नाही. पण नोंद नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. गेटवरचे कामगार असेच बघायचे. मला ते आठवलं, पण कार्ड हातात असताना मी तेव्हाही वाद घालत नसे.

आता प्रश्न एवढाच होता, की दुपारी दीडला आमच्या इमारतीत करंट ओढणारं कोण आहे. उत्तर लगेच मिळालं. पहिल्या मजल्यावरच्या कौसाबाई. या बदलापूरच्या पलीकडच्या गावातल्या, शेत विकल्यावर मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं आणि एकटं जेवावं लागतं म्हणून मायक्रोवेव्ह घेऊन दिला. त्या दीडला जेवण गरम करतात. कमिटीची तातडीची सभा झाली आणि ठराव झाला, की दुपारी एक ते दोन या वेळात मायक्रोवेव्ह लावू नये. सूचक मी, अनुमोदक प्रमोद.

“श्यामकांता,” कौसाबाई म्हणाल्या, “माज्या वरणानं तुजी तबकडी बंद पडते?”

“वरणाने नाही मावशी, करंटने.”

“माजा करंट माज्या मीटरचा हाय. तुजा डबा खाली देवाच्या बोर्डात हाय.”

मी त्यांना म्हणालो, की हा तांत्रिक विषय आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या बरोबर एक वाजता जेवणाची भांडी घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या, आमच्या गॅसवर गरम करू लागल्या आणि आमच्याच टेबलावर बसून जेवू लागल्या. मालिनीने त्यांना लोणचं वाढलं. दोघी माझ्यासमोर माझ्याविषयी काहीच बोलत नसत, आणि ते फार ऐकू येत असे.

लॉगच्या आधारावर मी इंटरनेट कंपनीला लेखी कळवलं, की माणूस पाठवायचा तर दुपारी दीडलाच पाठवा. आश्चर्य म्हणजे त्यांनी पाठवला. तो दीडला आला, तबकडीखाली उभा राहिला, फोनवर क्रिकेटचा अख्खा डाव बघितला आणि ‘ग्राहक समाधानी’ असं लिहून गेला. मायक्रोवेव्ह बंद असल्यामुळे ती आज गेली नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. रात्री लॉग उघडला. तेरा तीस, कोल्ड स्टार्ट.

आता कुणावर विश्वास ठेवायचा? मी पुढच्या दुपारी जेवण उरकून जिन्यात तबकडीखाली खुर्ची टाकून स्वतः बसलो. हिरवा दिवा माझ्या डोळ्यांसमोर होता. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले, दिवा हलला नाही. रात्री लॉग उघडला, तर त्यात तेरा तीसला कोल्ड स्टार्ट. म्हणजे तबकडी माझ्या डोळ्यांदेखत गेली होती आणि मला दिसली नव्हती. मी बराच विचार केला आणि मला एकच गोष्ट शक्य वाटली, ती म्हणजे माझा डोळा लागला असणार. नोकरीत एकदाही पेंगलो नव्हतो, त्यामुळे हे फार जिव्हारी लागलं.

“मी झोपलो होतो का?” मी मालिनीला विचारलं.

“मी दोनदा चहा आणून दिला. दोन्ही वेळा तुम्ही तिच्याकडे टक लावून बघत होतात.”

“मग लॉग असं कसं म्हणतो?”

“लॉगला विचारा,” ती म्हणाली.

शनिवार उजाडला. मालिनी बदलापूरला बहिणीकडे जाऊन तिथून पाठ घेणार होती. सेक्रेटरीच्या बायकोला नेटसाठी बदलापूर गाठावं लागतं, हे इमारतीत पसरलं की मी कसल्या तोंडाने सभा घेणार होतो ते मलाच माहीत. पण तेही जमलं नाही. बहिणीकडे नेमकं संक्रांतीचं हळदीकुंकू निघालं. घरभर बायका, वाण आणि कप-बश्या, त्यात ‘ळ’ कुणाला ऐकू येणार? मालिनीला घरातच बसणं भाग होतं.

पावणेसातला ती तीच साडी नेसून टेबलाशी बसली. पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. मी धीर द्यायला म्हणून आठवडाभराची प्रिंट तिच्यापुढे ठेवली. “बघ, सातला एकही नोंद नाही. निर्धास्त बस.”

तिने प्रिंट वाचली. मग वर भिंतीकडे पाहिलं, पुन्हा प्रिंट वाचली.

“अहो, त्या घड्याळात किती वाजलेत?”

“सव्वा. पण ते तुझं लंडनचं आहे.”

“आणि सात वाजतील तेव्हा त्यात किती वाजतील?”

मी हिशेब केला. असे हिशेब मी नोकरीत रोज ढिगाने करायचो, पण या एकाला मला वेळ लागला. दीड वाजणार होते.

“तुमची तबकडी लंडनची वेळ लिहितेय,” मालिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “घड्याळ तिचं ती नेटवरून लावत असेल, पण ती चिखलोलीत आहे हे तिला कुणी सांगितलंय का?”

सांगायला हवं होतं, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे नेट सातला जात होतं. रोज सातलाच. आमच्या इमारतीत पाणी वेळेवर येत नाही, कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही, कमिटीचे सभासद तर कधीच नाहीत. बरोबर सातच्या ठोक्याला होणारी गोष्ट एकच आहे, आणि ती वेळही सेक्रेटरी म्हणून मीच ठरवून दिलेली आहे. खालून प्रमोद यांनी शंख फुंकलेला ऐकू आला. आरतीच्या आधी ते फुंकतात.

मी जसा होतो तसा, बनियनवर, जिना उतरलो.

देवळापुढे नेहमीची मंडळी जमली होती. प्रमोद यांचं बोट मशीनच्या बटणाजवळ होतं.

“थांबा,” मी म्हणालो. “मशीन लावू नका.”

“का?”

“मोटर सुरू झाली की बोर्डातला करंट पडतो आणि तबकड्या बंद होतात. बोर्ड सैल आहे. मशीन थरथरतं तशी पिन हलत राहते.”

“पण लॉगमध्ये तर दीड आहे ना? तुम्हीच ठराव आणला होतात.”

“दीड म्हणजे सात.”

प्रमोद यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. “श्यामकांत, हे मशीन तुमच्या आण्णांच्या नावाचं आहे. देवाचं काम वायफायसाठी थांबवायचं?”

“मग त्या डब्याचीच पिन दुसरीकडे लावा ना,” मागून कुणी म्हणालं. दुसरीकडे म्हणजे कुठे, याचं उत्तर बिल्डरकडे होतं. वर मालिनी बसली होती आणि सातला पाचच मिनिटं उरली होती. मी एवढंच म्हणालो, की तिचा आज शेवटचा चान्स आहे आणि तो माझ्यामुळे जायला नको.

तेव्हा कौसाबाई पुढे आल्या. “माजा मायक्रोवेव बंद केलाव तवा मी काय बोलले? आता देवाचाबी ऱ्हाऊ दे बंद.” त्या वर गेल्या आणि यजमानांच्या भजनातले टाळ घेऊन आल्या. ते त्यांनी माझ्या हातात दिले. “वाजव. बापाच्या नावानं मशीन दिलंस, आता तू वाजव.”

आरती सुरू झाली आणि एक गोष्ट उघडकीला आली, ती म्हणजे पहिल्या कडव्यापुढे आरती कुणालाच येत नव्हती. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात सगळे नुसते ओठ हलवत होते. चेअरमनसुद्धा. कौसाबाईंना मात्र सगळ्या आरत्या येत होत्या, गणपतीच्या, दत्ताच्या, त्यांच्या गावदेवीच्याही. त्या एकेक म्हणत गेल्या, लोक टाळ्या वाजवत गेले. मी टाळ वाजवत होतो आणि माझी नजर देवावर नव्हती, डब्याच्या हिरव्या दिव्यावर होती. देवाने मला क्षमा करावी. कुणी थांबायला लागलं की मी कौसाबाईंना खुणावत होतो आणि त्या पुढची आरती काढत होत्या. पाठ अर्ध्या तासाचा होता. माझे तळवे सोलवटून निघाले, पण दिवा हिरवा राहिला.

वर आलो तेव्हा मालिनी लॅपटॉप बंद करून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून मी घाबरलो.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. पण खिडकीतून खालचा आवाज येत होता. मॅडमनी विचारलं, हे काय वाजतंय?”

“मग?”

“मी मुलांना म्हटलं, हा टाळ. आधी ऐका, मग म्हणा. सगळी एकदम म्हणाली, टाळ. स्वच्छ म्हणाली. एक छोटा तर नुसता टाळ, टाळ करत घरभर पळायला लागला, त्याच्या आईने त्याला पकडून आणलं.” ती हसली. शाळा सुटल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. “पुढच्या शनिवारपासून वर्ग माझा.”

मी खुर्चीवर बसलो. मला तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते टाइम ऑफिसचंच निघालं.

“त्या शनिवारी तू सात म्हणालीस तेव्हा सातच वाजले होते.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली आणि माझ्या तळव्यांना लावायला हळद-तूप घेऊन आली.

बिल्डरची परवानगी अजून आलेली नाही. मशीन फडक्याखाली झाकलेलं आहे आणि आरती हाताने होते. शनिवार-रविवारी टाळ माझ्याकडे असतात, बाकीचे दिवस प्रमोद यांच्याकडे. कौसाबाईंवरचा ठराव रद्द केला, तरी त्या जेवण गरम करायला आमच्याकडेच येतात. तबकडीला ती चिखलोलीत आहे हे कसं सांगायचं, ते धर्मेशने फोनवर समजावून सांगितलंय. दोन बटणांचं काम आहे, पण मी अजून केलेलं नाही. ती लिहिते लंडनची वेळ, आणि आपल्याकडे किती वाजले असतील ते मी मालिनीला विचारतो.